कूलंट भरले, पण हवा निघाली का?

गाडीचे कूलंट बदलणे हे काम दिसायला सोपे आहे. रेडिएटरच्या खालचे बूच उघडायचे, जुने कूलंट जाऊ द्यायचे, बूच बंद करायचे आणि वरून नवे ओतायचे. गॅरेजात हे अर्ध्या तासात उरकते. पण या कामानंतर आठवड्याभरात गाडी घाटात गरम झाली, काटा लालवर गेला, हेड गॅस्केट उडाले, अशी गाऱ्हाणी कुठल्याही अनुभवी मेकॅनिकला नवी नाहीत. बऱ्याच वेळा कूलंट चांगले असते, पंपही धडधाकट असतो. घोळ घालते ती आत अडकलेली हवा.

ही हवा काढण्याचे उपाय सांगणारे पुष्कळ भेटतात. कोणी म्हणतो हीटर पूर्ण गरमवर ठेव, कोणी म्हणतो टोपी उघडी ठेवून इंजिन चालव. कोणी गाडीचे तोंड चढाला लावायला सांगतो, कोणी होज दाबायला. कोणी एखादा स्क्रू सैल करतो, तर कोणी व्हॅक्यूमचे यंत्र आणतो. यांतला प्रत्येक उपाय कुठल्या तरी गाडीवर बरोबर आहे, पण सगळ्या गाड्यांवर चालणारा एकही नाही. म्हणून उपायांची यादी पाठ करण्याआधी तीन गोष्टी समजून घ्याव्या लागतात: हवा कुठे अडकते, तिला बाहेरची वाट कोणती, आणि ती गेली याचा पुरावा काय. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि नेमकी तीच सर्वांत जास्त वगळली जाते.

हवा अडकते कुठे

इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश उष्णता कूलंटला वाहून न्यावी लागते. त्यासाठी पंप कूलंटला ब्लॉकमधून हेडमध्ये, तिथून रेडिएटरमध्ये आणि परत पंपाकडे फिरवतो. वाटेत थर्मोस्टॅट असतो. इंजिन थंड असताना तो बंद राहतो आणि साधारण ८२ ते ९० अंशांना उघडू लागतो. तोवर रेडिएटर या फेऱ्यातून जवळपास बाहेरच असतो. डॅशबोर्डमागे हीटरचा छोटा रेडिएटर असतो आणि त्याला दोन होज जातात. आजच्या अनेक गाड्यांत टर्बो, ऑइल कूलर आणि ईजीआर कूलर यांनाही कूलंटचे फाटे दिलेले असतात.

विहिरीत घागर तिरकी धरून बुडवली तर झटकन भरते, सरळ उपडी दाबली तर भरतच नाही, कारण हवेला बाहेर पडायला वाट नसते. इंजिनातल्या पोकळ्यांचेही तसेच आहे. जिथे नळी वर चढून पुन्हा खाली उतरते, त्या कमानीच्या माथ्यावर हवा बसते. थर्मोस्टॅटचे घर, हीटरचा रेडिएटर, टर्बोची नळी, हेडचा वरचा कोपरा या तिच्या ठरलेल्या जागा. जुन्या गाड्यांत रेडिएटर उंच आणि इंजिन त्याच्या बरोबरीला असे, म्हणून टोपीचे तोंड हेच सर्वांत उंच ठिकाण ठरे आणि हवा आपोआप तिथे येई. पुढे बोनेट उतरते झाले, रेडिएटर खाली गेला, आणि भरण्याचे तोंड इंजिनातल्या काही भागांपेक्षा खाली आले. हवा काढण्याची बहुतेक कटकट या बदलातून आली आहे.

यात आणखी एक अडथळा आहे. कूलंट भरताना इंजिन थंड, म्हणून थर्मोस्टॅट बंद. त्याच्या पाठीमागची हवा तिथेच कोंडते. यावर उपाय म्हणून अनेक थर्मोस्टॅटच्या चकतीला एक बारीक भोक आणि त्यात सैल हलणारी पिन असते. भरताना हवा त्या भोकातून निसटते. थर्मोस्टॅट बदलताना ही पिन वरच्या बाजूला, घड्याळातल्या बाराच्या जागी ठेवायची असते. ती खाली बसवली तर भोक असून नसल्यासारखे होते. चुकीच्या दिशेने बसवलेल्या थर्मोस्टॅटमुळे हवा निघत नाही आणि मग नुसतेच कूलंट पुन्हा पुन्हा ओतले जाते.

थोडीशी हवा काय बिघडवते

पाण्याच्या तुलनेत हवा उष्णतेची फार कमी वाहक आहे, सुमारे चोवीस पटींनी कमी. त्याहून मोठा फरक साठवणीत आहे. एक लिटर पाणी एक अंशाने तापायला जितकी उष्णता घेते, तितक्या उष्णतेत साडेतीन हजार लिटरच्या आसपास हवा एक अंशाने तापते. म्हणजे हेडच्या एखाद्या कोपऱ्यात कूलंटऐवजी हवा असेल, तर तेवढ्या जागेपुरते इंजिन पाण्यावाचून चालते. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या शेजारच्या धातूला हे सोसत नाही. ॲल्युमिनियमचे हेड एका बाजूने जास्त तापले की वाकते. अनेक इंजिनांत ०.०५ मिलिमीटर वाक हीच मर्यादा असते. त्यापुढे हेड खोलून फेसिंग करून आणावे लागते. काही लिटर कूलंटच्या कामाचा खर्च मग हजारोंच्या घरात जातो.

दुसरे नुकसान पंपाचे. वॉटर पंप पाणी फेकून ढकलतो. त्याच्या पंख्यापाशी हवा जमली की तो नुसताच फिरतो, प्रवाह थांबतो. तिसरी गोष्ट जास्त फसवी आहे. तापमान सांगणारा सेन्सर कूलंटमध्ये बुडलेला असला तरच खरे सांगतो. त्याच्याभोवती हवा असेल तर इंजिन तापत असतानाही काटा खाली राहू शकतो, आणि वाफ लागली की एकदम उसळतो. म्हणून काट्याचे वरखाली होणे हे हवेचे जुने, ओळखीचे लक्षण. बाकीची लक्षणेही नोंदवून ठेवावीत: डॅशबोर्डमागे पाणी खळखळल्याचा आवाज, हीटर लावला तरी थंड वारा, इंजिनाला रेझ दिल्यावर थोडा गरम वारा आणि सोडल्यावर पुन्हा थंड, एक होज हात लावू न देणारा तर शेजारचा कोमट.

आपल्याकडे एक वेगळी अडचण होते. मुंबई, कोकण, गोवा या पट्ट्यात गाडीचा हीटर वर्षानुवर्षे कोणी लावत नाही. त्यामुळे थंड देशातल्या चालकाला पहिल्याच दिवशी मिळणारा इशारा आपल्याला मिळतच नाही. हीटरमधली हवा तिथेच राहते, हळूहळू फेऱ्यात येते आणि नेमकी घाटात त्रास देते.

शंभर वर्षांचा माग

हा प्रश्न गाडीइतकाच जुना आहे. १९०८ ची फोर्ड मॉडेल टी, सुरुवातीच्या काही गाड्या सोडल्या तर, पंपाशिवायच धावली. तापलेले पाणी हलके होऊन वर चढते आणि रेडिएटरमध्ये थंड होऊन खाली उतरते, एवढ्यावरच तिचे काम चाले. पण पाण्याची पातळी वरच्या होजच्या तोंडाखाली गेली की साखळी तुटे आणि फिरणे बंद पडे. अडकलेल्या हवेचे तत्त्व इतक्या उघडपणे दाखवणारे दुसरे उदाहरण नाही. त्याआधी १९०१ च्या मर्सिडीजसाठी विल्हेल्म मायबाख याने मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर केला होता. कमी पाण्यात जास्त उष्णता जाऊ लागली. पाणी कमी झाले की त्यातल्या हवेचे प्रमाण महत्त्वाचे होते, हेही त्याबरोबर ओघानेच आले.

१९२७ मध्ये अमेरिकेत 'प्रेस्टोन' या नावाने एथिलीन ग्लायकॉल बाजारात आले. त्याआधी पाणी गोठू नये म्हणून अल्कोहोल घालत, आणि ते उडून जाई. ग्लायकॉल टिकत असल्याने कूलंट वर्षानुवर्षे आत ठेवता येऊ लागले. पुढे दाबाच्या टोप्या आल्या. आजच्या टोप्या साधारण ०.९ ते १.४ बार इतका जास्तीचा दाब धरतात. १.१ बारच्या टोपीखाली साधे पाणीसुद्धा १२० अंशांच्या पुढे उकळते. १९६१ मध्ये रेनॉ ४ या गाडीने बंदिस्त कूलिंगची पद्धत रोजच्या स्वस्त गाडीत आणली. फेऱ्याला वेगळी बाटली जोडलेली होती आणि मालकाने रोज पाणी बघायची गरज संपली. त्यातून एक सोय झाली आणि एक गैरसोयही. पूर्वी टोपी रोज उघडली जाई, त्यामुळे हवा राहिली तरी दुसऱ्या दिवशी कळे. आता टोपी दोन-तीन वर्षे उघडली जात नाही. भरताना राहिलेली हवा त्यामुळे लवकर ध्यानात येत नाही.

दोन घडणी, दोन वागणुकी

आपल्या रस्त्यांवरच्या गाड्यांत मुख्यतः दोन घडणी दिसतात. पहिलीत रेडिएटरवर दाबाची टोपी असते आणि शेजारी बिनदाबाची प्लास्टिकची बाटली. मारुती, होंडा यांच्या अनेक गाड्या अशा आहेत. कूलंट तापून फुगले की टोपीतला व्हॉल्व्ह उघडतो आणि वर जमलेली हवा थोड्या कूलंटसह बाटलीत जाते. गाडी थंड झाली की आत ओढ तयार होते आणि बाटलीतले कूलंट परत आत येते. म्हणजे प्रत्येक तापण्या-थंडावण्याबरोबर ही घडण थोडी थोडी हवा स्वतःच टाकते. अट एवढीच की बाटलीत कूलंट हवे, बाटलीतली नळी त्यात बुडलेली हवी आणि टोपीचा रबर शाबूत हवा. नळीला चीर असेल तर गाडी थंड होताना कूलंटऐवजी हवा ओढून घेते. मग जितक्या वेळा हवा काढाल तितक्या वेळा ती पुन्हा भरते.

दुसऱ्या घडणीत बाटली स्वतःच दाबाखाली असते. फोक्सवॅगन, स्कोडा, रेनॉ अशा युरोपीय वळणाच्या गाड्यांत ती दिसते. बाटली उंचावर असते. रेडिएटरच्या किंवा हेडच्या माथ्यावरून एक बारीक नळी तिच्यात येते, आणि तळातून एक जाड होज पंपाकडे जाते. इंजिन चालू असताना बारीक नळीतून कूलंटची धार बुडबुड्यांसह बाटलीत पडते, बुडबुडे तिथेच वेगळे होतात आणि निव्वळ कूलंट खाली जाते. या गाड्या आपली हवा आपण काढतात असे म्हटले जाते. ते बारीक नळी मोकळी असेल तोवरच खरे. नळीचे तोंड गाळाने बुजले असेल तर घडण कितीही चांगली असो, उपयोग शून्य. इंजिन चालू असताना ती धार दिसते का, एवढे पाहायला एक मिनिट पुरते.

उपायांची छाननी

सावकाश भरणे. हा सर्वांत स्वस्त उपाय, म्हणूनच दुर्लक्षित. कूलंट घाईने ओतले की हवेची वाट तेच अडवते. मोठ्या डिझेल इंजिनांसाठी कॅटरपिलर आपल्या पुस्तिकेत मिनिटाला १९ लिटरपेक्षा जास्त वेगाने भरू नका, असे स्पष्ट सांगते, ते हवा कोंडू नये म्हणूनच. मोटारीचे सारे कूलंटच पाच-सहा लिटर. तिथे तर बारीक धारच धरावी आणि मधूनमधून थांबावे.

हीटर गरमवर ठेवणे. जुन्या गाड्यांत हीटरच्या होजवर पाण्याचा व्हॉल्व्ह असे. तो बंद असेल तर हीटरमध्ये कूलंट जातच नसे, म्हणून हा सल्ला अत्यावश्यक होता. आजच्या पुष्कळ गाड्यांत असा व्हॉल्व्ह नाही. कूलंट हीटरमधून सतत वाहते आणि बटण फक्त वाऱ्याची झडप हलवते. तिथे हीटर लावल्याने हवा निघत नाही, पण निघाली की नाही ते कळते. झडपेतून सलग कडक वारा आला म्हणजे हीटर कूलंटने भरला. म्हणून सल्ला दोन्हीकडे पाळावा, कारण मात्र वेगळे आहे हे जाणून. पंखा सर्वांत हळू ठेवावा, नाहीतर तो कूलंटची उष्णता ओढून घेतो आणि थर्मोस्टॅट उघडायला उशीर लागतो.

तोंड वर करणे. चढावर किंवा रॅम्पवर पुढची चाके चढवली की रेडिएटरची किंवा बाटलीची टोपी सर्वांत उंच होते आणि घडणीतला दोष तात्पुरता मिटतो. टोपी पुढे असलेल्या गाडीत हा उत्तम उपाय. पण भरण्याचे तोंड मागे, विंडस्क्रीनजवळ असेल तर पुढचा भाग उचलून उलटाच परिणाम होतो. चाकांना ओट लावल्याशिवाय आणि हँडब्रेक ओढल्याशिवाय हे करू नये, आणि नुसत्या जॅकवर तर कधीच नाही.

घट्ट बसणारे नरसाळे. टोपीच्या जागी मापाचा अडॅप्टर बसवून त्यावर मोठे नरसाळे लावतात आणि त्यात काही इंच कूलंट भरून ठेवतात. त्यामुळे कूलंटची पातळी साऱ्या इंजिनापेक्षा वर जाते. बुडबुडा वर आला की त्याची जागा कूलंट लगेच घेते, हवा पुन्हा ओढली जात नाही. काम स्वच्छ होते आणि बुडबुडे डोळ्यांना दिसतात. घरी काम करणाऱ्याने एकच साधन घ्यायचे असेल तर हे घ्यावे.

ब्लीड स्क्रू. अनेक फ्रेंच गाड्यांत हीटरच्या होजवर किंवा थर्मोस्टॅटच्या घरावर, तर बीएमडब्ल्यूच्या ई-४६ सारख्या गाड्यांत भरण्याच्या टोपीशेजारीच, हवेसाठी वेगळा स्क्रू असतो. इंजिन थंड असताना तो सैल करायचा, बुडबुडे थांबून सलग धार आली की आवळायचा. स्क्रू बऱ्याचदा प्लास्टिकचा असतो आणि जोर लावला की तुटतो. आपल्या गाडीत तो आहे का, हे पुस्तिकेत पाहूनच हात घालावा.

होज दाबणे आणि रेझ देणे. वरचा होज दाबून सोडला की अडकलेले बुडबुडे सुटतात. इंजिन थोडा वेळ २,००० ते २,५०० फेऱ्यांवर धरले की वाढलेला प्रवाह त्यांना पुढे ढकलतो. दोन्ही उपाय खरे, पण पूरक. तोंडाशी वाट नसेल तर यांनी हवा फक्त जागा बदलते. रेझ देताना टोपी उघडी असेल तर अनेक गाड्यांत कूलंट आधी खाली जाते आणि पाय काढताच उसळून बाहेर येते. तोंडावर वाकून कोणी उभे राहू नये.

व्हॅक्यूमने भरणे. कॉम्प्रेसरच्या जोरावर फेऱ्यातली हवा आधीच ओढून घ्यायची, दाब टिकतो का ते पाहायचे आणि मग त्याच ओढीने कूलंट आत घ्यायचे. यात गळती आपोआप तपासली जाते आणि गुंतागुंतीच्या गाडीतही कोपरे भरतात. मात्र हा उपाय रामबाण असल्यासारखा विकला जातो, तसा तो नाही. समुद्रसपाटीला हवेचा दाब १.०१ बार. यंत्राने त्यातला ०.८ बार काढला तरी पाचवा हिस्सा हवा आत उरतेच, आणि कूलंट भरल्यावर ती कुठेतरी जमणार. बाटलीत जमली तर उत्तम, नाहीतर नंतरची तपासणी चुकत नाही. लेहसारख्या साडेतीन हजार मीटरवरच्या गावी तर हवेचाच दाब ०.६५ बारच्या आसपास असतो. तिथे ०.८ चा आकडा मीटरवर येणारच नाही, आणि मेकॅनिक बिचारा नसलेली गळती शोधत बसेल.

थर्मोस्टॅट काढून टाकणे. आपल्याकडचा हा खास जुगाड. थर्मोस्टॅट नसला की हवा सहज निघते, गाडी गरम होत नाही, गिऱ्हाईकही खूश. पण इंजिन मग योग्य तापमानाला येतच नाही. संगणक थंड इंजिन समजून जास्त पेट्रोल देत राहतो, तेल पुरेसे तापत नाही, झीज वाढते, ॲव्हरेज पडते. अडचणीत गाडी घरी आणण्यापुरता हा उपाय ठीक, कायमचा कधीच नाही.

टोपी उघडी किती वेळ

टोपी उघडी ठेवून रेडिएटरचा पंखा दोनदा सुरू होईपर्यंत इंजिन चालवा, हा सर्वांत लोकप्रिय सल्ला, आणि तो सर्वांत सावधपणे घ्यावा लागतो. टोपी उघडी म्हणजे दाब नाही. दाब नसला की साधे पाणी समुद्रसपाटीला १०० अंशांना उकळते, महाबळेश्वरच्या उंचीवर साडेपंचाण्णवच्या आसपास, आणि लेहमध्ये ८८ ला. निम्मे ग्लायकॉल असेल तर सात-आठ अंशांची सवलत मिळते. आता पंखा सुरू होण्याचे तापमान अनेक गाड्यांत ९५ ते १०५ असते. म्हणजे पंखा लागण्याची वाट पाहताना हेडमधल्या गरम जागी कूलंट उकळू लागण्याचा संभव खराच आहे. वाफेचे बुडबुडे वर येतात, पाहणाऱ्याला ती हवा वाटते, आणि तो आणखी वेळ इंजिन चालवतो. थर्मोस्टॅट उघडला, वरचा होज गरम झाला आणि खालचाही तापू लागला की हेतू साधला. टोपी लावून पुढचे काम दाबाखाली होऊ द्यावे. दाबाची बाटली असलेल्या अनेक गाड्यांत तर टोपी लावूनच इंजिन तापवायचे असते.

पंख्याचा पुरावाही नेहमी खरा नसतो. एसी चालू असेल तर पंखा कूलंट थंड असतानाही फिरतो. म्हणून या कामात एसी बंद हवा.

एका नियमाला मात्र कुठलीही गाडी अपवाद नाही. इंजिन गरम असताना टोपी उघडू नये. दाबाखाली ११० अंशांवर शांत असलेले कूलंट टोपी सुटताच वाफ होऊन उसळते, आणि अंग गंभीरपणे भाजते. वरचा होज हातात सहज धरता येईल इतका थंड होऊ द्यावा. सांडलेले कूलंटही तसेच सोडू नये. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि पोटात गेले तर जीवघेणे. अंगणातले कुत्रे, गाय, रांगते मूल यांना ते कळत नाही.

वेगळ्या वाटेच्या गाड्या

इंजिन एका टोकाला आणि रेडिएटर दुसऱ्या टोकाला असेल तर हवा काढणे हा स्वतंत्र विधीच होतो. १९८२ च्या अखेरीस फोक्सवॅगनची पेट्रोलवरची टी-३ व्हॅन पाण्याने थंड होणारी झाली. इंजिन मागे, रेडिएटर पुढे, मध्ये गाडीच्या पोटाखालून जाणारे लांब पाइप. पुढचा भाग उचलून, रेडिएटरवरचा स्क्रू उघडून आणि इंजिन रेझवर ठेवून तिची हवा काढतात. आपली मारुती ओम्नी त्याच जातीची, लहान प्रमाणात: इंजिन पुढच्या सीटखाली आणि रेडिएटर नाकाशी. तिला घाईने कूलंट भरणाऱ्याला तिने पुष्कळदा रस्त्यात थांबवले आहे.

विजेवर चालणारा वॉटर पंप आल्यापासून इंजिन न चालवताही कूलंट फिरवता येते. बीएमडब्ल्यूच्या एन-५२ इंजिनात इग्निशन चालू करून, हीटर कमाल तापमानाला आणि पंखा किमान वेगावर ठेवून, ॲक्सिलरेटर दहा सेकंद पूर्ण दाबला की पंप सुमारे बारा मिनिटे आपोआप चालतो आणि हवा बाटलीत जमा करतो. ही सोय माहीत नसलेला मेकॅनिक तिच्यावर जुने सगळे उपाय करून थकतो.

हायब्रिड गाड्यांत बहुतेकदा दोन फेरे असतात, एक इंजिनाचा आणि एक इन्व्हर्टरचा. दोन्हींची हवा वेगळी काढावी लागते. शिवाय गाडी उभी असताना इंजिन स्वतःच बंद पडते, म्हणून ते सलग चालू ठेवणारा देखभालीचा खास मोड लावावा लागतो. अमेरिकेत विकलेल्या दुसऱ्या पिढीच्या टोयोटा प्रियसमध्ये तर गरम कूलंट साठवणारी थर्मासची टाकीसुद्धा होती, तिचाही पंप चालवून हवा काढावी लागे. विजेच्या गाडीला इंजिन नाही, पण बॅटरी, मोटर आणि इन्व्हर्टर थंड करणारा फेरा असू शकतो. त्याचे पंप बऱ्याचदा निदान-यंत्राने चालवावे लागतात, आणि काही गाड्यांना कमी विद्युतवाहक असे वेगळे कूलंट लागते. उच्च दाबाच्या नारिंगी तारा शेजारी असतात. अशा गाडीत घरगुती प्रयोग नकोत.

उन्हाळा आणि घाट

रेडिएटर किती उष्णता टाकतो हे कूलंट आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरते. कूलंट ९५ अंश आणि बाहेर २० असेल तर फरक ७५. मे महिन्यात अकोल्यात किंवा चंद्रपुरात पारा ४५ वर गेला की फरक ५० उरतो, म्हणजे रेडिएटरची ताकद तिसऱ्या हिश्श्याने घटते. त्यात कसारा घाटात भरलेली गाडी दुसऱ्या गिअरमध्ये चढत असेल तर समोरून वाराही कमी मिळतो. म्हणून जानेवारीत कूलंट बदलून चार महिने विनातक्रार चाललेली गाडी मेमध्ये नेमकी घाटात कोलमडते. दोष तेव्हा उन्हाला दिला जातो. हवा जानेवारीपासूनच आत असते.

बोअरचे पाणी ओतण्याची सवयही इथे नडते. त्यातले क्षार तापलेल्या धातूवर बसतात आणि बारीक नळ्या, थर्मोस्टॅटचे भोक, हीटरच्या अरुंद वाटा बुजवतात. हवा निघण्याच्या वाटा नेमक्या ह्याच. तयार मिसळलेले कूलंट किंवा डिस्टिल्ड पाण्यात मिसळलेले कॉन्सन्ट्रेट एवढेच वापरावे. रंगावर भरवसा ठेवू नये, रंगाला कोणतेही सर्वमान्य प्रमाण नाही. गाडीच्या पुस्तिकेतला प्रकार बाटलीवर छापलेला हवा.

हवा पुन्हा पुन्हा येते तेव्हा

नव्या कूलंटमध्ये थोडी हवा विरघळलेली असते आणि तापल्यावर ती सुटते. म्हणून पहिल्या काही दिवसांत पातळी किंचित उतरणे स्वाभाविक आहे. त्यानंतरही उतरत राहिली तर प्रश्न हवा काढण्याचा उरत नाही, हवा येते कुठून याचा होतो. टोपीचा रबर, बाटलीची नळी, पंपाचे सील आणि होजच्या क्लिपा आधी तपासाव्यात. प्रेशर टेस्टर लावला की छुपी गळती सापडते.

हे सगळे ठीक असूनही नरसाळ्यात बुडबुडे न थांबता येत असतील आणि रेझ दिल्यावर वाढत असतील, तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा. सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये शिरत असतो. निळ्या द्रावाची साधी चाचणी असते. कूलंटवरची हवा त्या द्रावातून ओढली आणि कार्बन डायऑक्साइडमुळे तो पिवळा पडला, की निकाल लागला. अशा गाडीची दहा वेळा हवा काढणे म्हणजे गिऱ्हाईकाचे पैसे आणि इंजिनाचे आयुष्य दोन्ही वाया घालवणे.

पुरावा कोणता मानावा

सगळ्या उपायांचा हिशेब मांडला तर निवाडा असा निघतो. साध्या गाडीला सावकाश भरणे, योग्य उतार आणि नरसाळे पुरते. स्क्रू असेल तर तो वापरावा. टर्बो, दोन फेरे किंवा लांब पाइप असतील तर व्हॅक्यूम किंवा कंपनीची ठरलेली पद्धत. पण यांपैकी काहीही केले तरी काम पुरे झाल्याचा दाखला उपाय देत नाही, तो मोजमाप देते.

पहिले माप कूलंटचे. जुने कूलंट मापाच्या बादलीत काढावे आणि किती आले ते लिहून ठेवावे. रेडिएटरचे बूच उघडल्याने ब्लॉकमधले सगळे येत नाही, म्हणून पुस्तिकेतल्या एकूण आकड्याशी तुलना करून उपयोग नाही, बाहेर आलेल्याशीच करावी. साडेचार लिटर आले आणि साडेतीनच आत गेले, तर उरलेला एक लिटर हवा आहे. दुसरे माप हीटरचे: इंजिन तापल्यावर, रेझ न देता, सलग गरम वारा. तिसरे माप दुसऱ्या दिवशीच्या सकाळचे. तापलेले कूलंट चार-पाच टक्के फुगते, त्यामुळे गरम गाडीतली पातळी काहीच सांगत नाही. रात्रभर थंड झाल्यावर पातळी पाहावी, खुणेपर्यंत भरावे, आणि पुढचे तीन-चार दिवस तेच करावे. पातळी एका जागी थांबली की हवा गेली.

गॅरेजात कूलंट बदलून घेणाऱ्याने बिल देताना तीन गोष्टी विचाराव्यात: किती लिटर काढले, किती घातले, आणि हीटर लावून पाहिला का. उत्तर नीट मिळाले नाही तर त्याच दिवशी गाडी घाटात नेऊ नये, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन थंड असतानाच बोनेट उघडून पातळी स्वतः पाहावी.